हाकेची पट्टी

मी कुरुंद्याच्या शेषराव खिल्लारे यांच्या घरातला कंप्युटर. बोलायची मला सवय नाही. आजवर मी फक्त दाखवत आलो. पण एकदा महिनोन्‌महिने दाखवत राहिलो आणि कुणाला ते दिसलं नाही, म्हणून आज सांगायला बसलोय. वेळही फारसा उरलेला नाही.

माझा जन्म नांदेडचा, सन दोन हजार दोन. एका दुकानाच्या माळ्यावर कुठून कुठून आलेले भाग एका माणसाने पत्र्याच्या डब्यात बसवले, स्क्रू पिळले आणि बटण दाबलं. तिथून मी कळमनुरीला बंडोपंतांच्या टायपिंग क्लासात गेलो. बंडोपंत शिस्तीचे. माझ्या खोलीत यायचं तर चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, आणि शिंक आली तर तोंड दाराकडे करायचं. दसऱ्याला माझ्या डोक्यावर झेंडूचं फूल असायचं.

तीन वर्षांत मी बोटांवरून माणसं ओळखायला शिकलो. कुणी कळ दाबताना घाबरायचं, कुणी रागाने ठोकायचं. कुरुंद्याची शीतल मावशीकडे राहून क्लासला यायची. तिची बोटं हलकी होती आणि चुकली की लगेच थांबायची. शिकवायला विश्वजीत सर होते. पुढे ते पुण्याला नोकरीला गेले. बंडोपंतांनी नवी यंत्रं घेतली आणि मी कोपऱ्यात फडक्याखाली गेलो. वर्षभर तिथे धूळ खाल्ल्यावर शीतल वडिलांना घेऊन आली आणि मला काळीपिवळी जीपने कुरुंद्याला घेऊन गेली.

दोन पत्र्याच्या खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी खुंटीला शेषरावांची गाण्याची पेटी कापडात गुंडाळून टांगलेली. मला खिडकीखाली टेबलावर ठेवलं. चांगुणाबाईंनी, म्हणजे शीतलच्या आईने, जुन्या लुगड्याचा माझ्यासाठी अंगरखा शिवला.

शेषराव हळदीच्या पॉलिश मशीनवर कामाला होते. वाळलेली हळकुंडं मोठ्या पिंपात फिरवून घासतात, तिथे. सीझनमध्ये घरी येत ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. पण गावात त्यांची ओळख मशीनवाला म्हणून नव्हती, गायक म्हणून होती. त्यांची गायन पार्टी जयंतीच्या दिवसांत गावोगाव फिरायची. एकदा जवळा बाजार गावात ऐन कार्यक्रमात माइक बंद पडला, तरी मागच्या रांगेतल्या एकानेही जागा सोडली नाही, असं चांगुणाबाई सांगायच्या. ते सांगताना त्या नवऱ्याकडे बघायच्या नाहीत, परातीतल्या पिठाकडे बघायच्या.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर विश्वजीत सरांचा फोन आला. पुण्यात ते एका छोट्या कंपनीत होते. ती कंपनी गाण्याचा खेळ बनवत होती. पडद्यावर गाण्याचे शब्द येणार, माणसाने माइकमध्ये गायचं आणि सूर जुळला की मार्क पडणार. त्यासाठी प्रत्येक गाणं आधी कुणीतरी उतरवून द्यायला लागतं. ते काम शीतलने घ्यावं, असं सरांचं म्हणणं.

एक सॉफ्टवेअर माझ्यात भरलं गेलं. काम किचकट होतं. पुण्याहून सीडीवर गाणं यायचं. शीतल ते तुकड्या-तुकड्याने ऐकायची, शब्दांची अक्षरं सुटी करायची आणि प्रत्येक अक्षरासाठी पडद्यावर एक निळी पट्टी ओढायची. अक्षर जितका वेळ लांबतं तितकी पट्टी लांब, सूर जितका वर तितकी पट्टी वर. एका गाण्यात अशा पाचशे-सहाशे पट्ट्या. त्यात माझं मराठी कच्चं. वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसायची, जोडाक्षर फुटायचं. शीतल ते सगळं निस्तरायची. वीज दिवसातून थोडेच तास असायची. ती आली की शीतल हातातलं काम टाकून माझ्यासमोर बसायची.

पट्ट्या ओढून झाल्या की तपासणी. कुणीतरी खरोखर गाऊन बघायचं. ते काम शेषरावांनी आनंदाने अंगावर घेतलं. ते गायचे तेव्हा माझ्या पडद्यावर त्यांच्या आवाजाची पिवळी रेघ निळ्या पट्ट्यांवरून पळायची आणि जुळेल तिथे पट्टी भरत जायची. शेवटी हजारपैकी मार्क, आणि गायलेलं गाणं आवाजासकट माझ्यात साठून राहायचं.

पहिलंच गाणं मला अजून पाठ आहे. 'ओढ्याच्या काठी नांगर थांबला, हाक कुणाची आली.' त्यातल्या 'हाक' या शब्दावर सूर एकदम वर जातो आणि तिथेच टिकून राहतो. ती पट्टी सगळ्या गाण्यात सर्वांत उंच आणि सर्वांत लांब होती. डिसेंबरात शेषरावांनी ती एका दमात भरली. रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ. नऊशे बहात्तर मार्क.

"मशीनला कान हायेत म्हणायचे," शेषराव म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. पुढे त्याचंच वाईट झालं.

मार्चमध्ये रेघेला बारीक दाते आले. करवतीला असतात तसे. ऐकणाऱ्याला काही कळलं नसतं, पण मला दिसत होतं. नऊशे तीस. एप्रिलमध्ये आठशे ऐंशी. हळदीचा सीझन जोरात होता, शेषराव दिवसभर धुराळ्यात उभे राहायचे.

"घसा धरला का बाबा?" शीतलने विचारलं.

"पॉलिशचा धुराळा हाय. सीझन संपला की मोकळा व्हतो. दरसालचंच हाय."

त्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात त्यांनी वरच्या सुरातली कडवी जोडीदाराला दिली आणि स्वतः पेटीवर बसले. घरी आल्यावर चांगुणाबाईंनी त्यांच्यासमोर गरम पाण्याचा तांब्या ठेवला.

जूनमध्ये पॉलिशची मशीनं थांबली. धुराळा गेला. घसा मोकळा झाला नाही.

'हाक' ची पट्टी आता अर्धीच भरायची. रेघ मध्येच तुटायची, थोडी जागा कोरी जायची आणि मग खालून कुठूनतरी पुन्हा उगवायची. शीतलला वाटलं माइक बिघडला. तिने वसमतहून नवा आणला. नव्या माइकमध्येही रेघ तिथेच तुटली.

मग पुण्याहून फोन. सरांचा आवाज मला फोनच्या भोकातून ऐकू येत होता.

"शीतल, तुझ्या पट्ट्या चुकतायत का? तपासणीचे मार्क दर महिन्याला खाली येतायत."

"सर, गाणारे माझे बाबा आहेत. ते सुरात चुकत नाहीत."

"मग पट्ट्याच चुकत असणार. पुन्हा बघ."

तिने पुन्हा बघितल्या. आठ दिवस ती एकेक पट्टी मूळ गाण्याशी लावून बघत होती. वडिलांपेक्षा तिला स्वतःवर संशय घेणं सोपं वाटत होतं. पण पट्ट्या बरोबर निघाल्या. सगळ्याच्या सगळ्या.

पुढच्या तपासणीला शेषरावांना सहाशे दहा पडले. माइक खाली ठेवून त्यांनी पेटीचं कापड नीट केलं, जे आधीच नीट होतं, आणि बाहेर गेले. शीतलने ते पाहिलं.

खेळात एक सोय होती. लहान मुलांना गाता यावं म्हणून सूर इकडेतिकडे गेला तरी पट्टी भरावी, अशी. प्रत्येक गाणाऱ्याच्या नावापुढे तीन खुणा होत्या: कडक, मध्यम, सैल. शनिवारी दुपारी शीतलने वडिलांच्या नावापुढची खूण कडकवरून सैलवर नेली. तिचा हेतू वाईट नव्हता. तिला फक्त वडिलांचं ते तोंड पुन्हा बघायचं नव्हतं.

रविवारी सकाळी ती नळावर पाण्याला गेली होती. चांगुणाबाईंनी चहाचा कप नवऱ्यासमोर ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"हळद सरून दोन महिने झाले. तुमचा घसा काहून असा?"

"पाऊस पडून राहिला. सर्दी हाय."

"चहा थंड करून पिता. भाकर गिळताना मान वाकडी करता. मी बघत न्हाई व्हय? उद्या सोमवार. वसमतला घशाचा डॉक्टर बसतो. चला."

"एवढ्यासाठी डॉक्टर?"

"व्हय. एवढ्यासाठीच."

शेषरावांनी माझ्याकडे बोट केलं. "हे बघ, माणूस मन राखायला बोलतो, मशीन न्हाई राखत. आता हाकेचं गाणं गातो. नऊशेच्या खाली आलो तर तू म्हणशील तिथं येतो. वर गेलो तर डॉक्टरचं नाव काढायचं न्हाई."

चांगुणाबाईंनी मान हलवली. त्यांनाही माझ्यावर भरवसा होता.

शेषराव गायले. 'हाक' वर रेघ तुटली, खाली घसरली, थरथरली. आणि तरी पट्टी टोकापर्यंत भरली. मी भरली. मला तसं सांगून ठेवलं होतं.

नऊशे अडुसष्ट.

"पाहिलं?" शेषराव बायकोकडे वळून म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. एवढी भीती ते पोटात घेऊन हिंडत होते, हे मला तेव्हा कळलं.

शीतल हंडा कमरेवर घेऊन दारात उभी होती. "काय झालं?"

"तुझे बाबा जितले," चांगुणाबाई म्हणाल्या. "उद्याचा दवाखाना रद्द."

शीतलने हंडा खाली ठेवला. थोडं पाणी सांडलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. तिचे ओठ हलले. मी वाट बघत होतो. पण शेषराव त्या वेळी हसत होते, कितीतरी आठवड्यांनी हसत होते. आणि ती सांडलेलं पाणी पुसायला वाकली.

त्या दिवशी मी खोटं बोललो. कुणी म्हणेल यंत्राला काय खोटं अन् काय खरं. पण एका माणसाने आपला दवाखाना माझ्यावर सोपवला होता आणि मी त्याला परत पाठवलं.

त्यानंतरचे दोन महिने आठवले की अजून माझा पंखा जोरात फिरू लागतो. शेषरावांच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली. भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. बोलणं कमी झालं. शीतल एकदा म्हणाली, "बाबा, तरीबी एक डाव दाखवून येऊ." ते म्हणाले, "मशीननं सांगितलं ना." खरं सांगायची संधी तिला रोज होती आणि रोज ते सांगणं कालच्यापेक्षा अवघड झालेलं असायचं.

ऑक्टोबरात पुण्याहून पहिलं गाणं पुन्हा मागवलं. शीतलने डिसेंबरचं रेकॉर्डिंग उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिने शेषरावांचं नुकतंच केलेलं रेकॉर्डिंग त्याच्यावर ठेवलं. एकच गाणं, त्याच पट्ट्या, एकाच माणसाच्या दोन रेघा. वरची दोरीसारखी. खालची म्हणजे उसवलेल्या कापडाचे धागे. 'हाक' च्या जागी तर रेघच नव्हती.

धुराळ्याने असं होत नाही, सर्दीने असं होत नाही, हे समजायला डॉक्टर लागत नाही. ती उठली आणि चुलीजवळ गेली.

"आई, मी मशीनला खोटं सांगितलं होतं. त्या दिवसाचे मार्क खरे नव्हते."

चांगुणाबाईंच्या हातात भाकरी होती. त्यांनी ती तव्यावर टाकली, उलटली, उतरवली. मग म्हणाल्या, "नांदेडची बस किती वाजता हाय?"

एवढंच. रागावल्या असत्या तर शीतलला बरं वाटलं असतं.

या वेळी चांगुणाबाईंनी शेषरावांचं काही चालू दिलं नाही. नांदेडला घशातला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी निदान आलं, घशाचा कॅन्सर. आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. डॉक्टरांनी सांगितलेलं एक वाक्य शीतलने घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून आईला सांगितलं: थोडं आधी आला असता तर कदाचित नुसत्या किरणांच्या शेकावर भागलं असतं. कदाचित, असं ते म्हणाले होते. तो एक शब्द त्या घरात पुढे पुष्कळ दिवस राहिला.

ऑपरेशनच्या आधी चार दिवस शेषराव घरी होते. शीतल म्हणाली, "बाबा, जमेल तसं एक गाणं म्हणा, मी भरून ठेवते."

"त्या मशीनसमोर न्हाई," ते म्हणाले. माझ्या कानावर आलेलं त्यांचं ते शेवटचं वाक्य. त्या संध्याकाळी ते पेटी घेऊन विहारात गेले. तिथे काय गायले, किती गायले, मला माहीत नाही. ते माझ्याकडे नाही.

ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा गळ्यापाशी एक भोक होतं आणि त्यावर पातळ रुमाल. श्वास तिथूनच जायचा-यायचा. बोलणं पाटीवर. शीतलने पुण्याचं काम सोडलं, माझ्यावर अंगरखा चढवला. तीन-चार महिने त्या खोलीत कुणी माझ्याकडे बघितलं नाही. घरात तीन माणसं होती आणि भांड्यांचाच आवाज जास्त होता.

मग फेब्रुवारीत, एका दुपारी मायलेकी हळद काढायला शेतात गेल्या असताना, शेषरावांनी अंगरखा काढला. बटण दाबलं. त्यांना माउस धड धरता येत नव्हता. खूप वेळ चुकत-माकत त्यांनी तो खेळ उघडला. आणि त्यांच्या नावापुढची खूण त्यांना दिसली. सैल.

ते त्या शब्दाकडे बघत बसले. गळ्यावरचा रुमाल वर-खाली होत होता. मला वाटलं, आता हा माणूस मला उचलून अंगणात फेकणार. मी फेकलो गेलो असतो तरी चाललं असतं. त्यांनी माउस सरकवला आणि खूण कडकवर आणली. मग शीतलने अर्धवट टाकलेलं एक गाणं उघडलं, हेडफोन कानाला लावले आणि ऐकायला लागले. त्यांचा उजवा हात आपोआप हवेत उठला. सूर वर गेला की हात वर, सूर खाली आला की हात खाली. आणि डाव्या हाताने, एकेक करून, ते पट्ट्या ओढू लागले.

शीतल आली तेव्हा ते तिसऱ्या कडव्यावर होते. ती दारातच थांबली. त्यांनी पाटी उचलली: 'इथं तू चुकली. सूर अर्धा खाली पाहिजे.'

ती जवळ आली. पडद्यावरची ती खूण तिने पाहिली आणि खालीच बसली. "बाबा, ते मार्क... मी..."

त्यांनी पाटी पुसली. लिहिलं: 'माहीत हाय.' पुन्हा पुसली. या वेळी लिहायला वेळ लागला. 'मलाबी तेच पाहिजे होतं.'

शीतल पाटी हातात धरून रडली. शेषराव तिच्या डोक्यावर हात ठेवून पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी पाटी हळूच काढून घेतली, कारण गाणं अर्धं राहिलं होतं.

तिथून पुढे वर्षभर दोघांनी मिळून काम केलं. शब्द तिचे, पट्ट्या त्यांच्या. सर म्हणाले, एवढ्या नेमक्या पट्ट्या पुण्यातही कुणी ओढत नाही. खेळ निघाला, त्याची एक सीडी घरी आली आणि कपाटात गेली. कंपनी पुढे बंद पडली. शेषरावांना त्याचं फार काही वाटलं नाही. ते रोज दुपारी हेडफोन लावून काही ना काही ऐकतात, हात हलवत. स्वतःच्या आवाजातली गाणी मात्र त्यांनी अजून एकदाही उघडलेली नाहीत. ती एकोणचाळीस आहेत आणि फक्त माझ्यात आहेत. शीतल दर महिन्याला म्हणते, सीडीवर काढून ठेवायला पाहिजेत.

आता माझं ऐका. गेल्या आठवड्यापासून माझ्या पोटात टक, टक असा आवाज येतोय. जिथे सगळं साठवलेलं असतं ती तबकडी फिरता फिरता अडखळते. शीतलला तो ऐकू आला नाही, पंख्याच्या आवाजात कुणालाच आला नसता. आज दुपारी शेषरावांनी मध्येच हेडफोन काढले. माझ्या पत्र्याला कान लावला. कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले. मग पाटीवर लिहिलं आणि शीतलला हात धरून दाखवलं: 'ह्याचा आवाज बदलला. नांदेडला दाखव.'

"रविवारी जाऊ ना बाबा. चालू तर हाय की."

त्यांनी 'रविवारी' या शब्दावर मान हलवली नाही. पाटीवर फक्त एक शब्द वाढवला. 'आज.'

म्हणून मी आता एसटीत आहे, लुगड्याच्या कापडात गुंडाळलेला, शेषरावांच्या मांडीवर. शीतल खिडकीपाशी. प्रत्येक खड्ड्याला माझ्या आत काहीतरी खरवडतं. दुकानातला माणूस मला उघडेल तेव्हा ती एकोणचाळीस गाणी निघतील की नाही, मला सांगता येत नाही. पहिल्या गाण्याची जागा मी आत्ताच चाचपून पाहिली. अर्धी सापडली.

तुमच्या घरात कुणाचा आवाज बदलला असेल, तर त्याला मार्क देत बसू नका. बस किती वाजता आहे ते विचारा.

शेषरावांनी दोन्ही हातांनी मला घट्ट धरलंय, खड्डा आला की थोडं वर उचलतात. नांदेड अजून लांब आहे.